अ‍ॅव्हरेज राहू दे, घट सांग!

तुमच्या लॅपटॉपवर कुणाचा फोटो आहे? बायकोचा, गर्लफ्रेंडचा, कुत्र्याचा की लेह-लडाखचा? माझ्या लॅपटॉपवर गेली सहा वर्षं एक लाल कूपे उभी आहे. दोन दारं, जमिनीला टेकल्यासारखी बैठक, आणि मागचा भाग असा की सिग्नलला थांबली तरी पळतेय असं वाटावं. या सहा वर्षांत मी दोन कंपन्या बदलल्या, चार मॅनेजर पचवले, पण वॉलपेपर बदलला नाही. अप्रेझलचं पत्र वाचून पोटात खड्डा पडला की लॅपटॉप उघडायचा, तिच्याकडे बघायचं आणि स्वतःला सांगायचं, थांब लेका, एक दिवस!

तो एक दिवस गेल्या हिवाळ्यात अचानक दारात येऊन उभा राहिला. म्हणजे माझा एक मित्र येऊन उभा राहिला. साहेब कॅनडाला निघाले होते आणि त्यांना त्यांची कूपे विकायची होती. लाल नाही, करडी. पण अस्सल जर्मन, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, वय वर्षं सात. (कंपनीचं नाव सांगत नाही. पुढे बिलांबद्दल बोलायचंय, उगाच कुणाला ठसका लागायला नको.) नवी असताना साठ लाखांच्या घरात गेलेली गाडी तो मला २८ लाखांना देणार होता. "तुला म्हणून," तो म्हणाला. जुनी गाडी विकणारा प्रत्येक जण हेच म्हणतो, हे मला माहीत होतं. तरी विरघळलो.

आता २८ लाख आणायचे कुठून? १५ लाखांचं लोन बसत होतं. उरलेल्या १३ लाखांसाठी माझ्याकडे एकच जागा होती. हुपरी!

हुपरी माझं गाव. कोल्हापूर जिल्ह्यातलं, हातकणंगले तालुक्यातलं. आमच्याकडे तिला चंदेरी नगरी म्हणतात. तुमच्या घरात कुणाच्या पायात चांदीचे पैंजण असतील तर ते हुपरीत घडलेले असण्याची शक्यता बरीच आहे. गल्लीगल्लीत कुणी तार ओढतंय, कुणी डाग देतंय, कुणी घुंगरं लावतंय. माझे आप्पा चाळीस वर्षं हेच करत होते. आई दुपारची जेवणं उरकली की शेजारणींबरोबर कट्ट्यावर बसून कड्या जोडायची. डोळ्यांनी साथ सोडली तेव्हा आप्पांनी काम थांबवलं आणि कारखान्यात उरलेल्या चांदीचे तीन भाग केले. एक त्यांचा आणि आईचा, एक ताईचा, एक माझा. तेव्हा माझ्या भागाची किंमत ऐकून मी फारसा हललो नव्हतो. मग २०२५ साल आलं. चांदीनं किलोला एक लाखाचा आकडा मागे टाकला आणि ती वर चढतच गेली. गावच्या कपाटात निवांत पडलेली माझी चांदी एकदम माझ्या स्वप्नाच्या डाउन पेमेंटएवढी झाली.

योगायोग म्हणतात तो हाच, असं मी स्वतःला पटवलं. मित्रानं वीकएंडपुरती किल्ली दिली. "गावाला ने, आप्पांना दाखव, मग ठरव."

शनिवारी पहाटे पुण्यात टाकी तोंडोतोंड भरली. गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज काढायचं तर हा एकच मार्ग. फुल टाकी करून निघा, परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा फुल करा, झालेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. डॅशबोर्डवर जो आकडा झळकतो ना, तो पोरानं घरी सांगितलेल्या मार्कांसारखा असतो. अगदीच खोटा नसतो, पण दोन-चार मार्क चढवलेले असतात.

खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी. पुणे-कोल्हापूर रस्त्यावरचे हे चार टोलनाके आपल्याला तोंडपाठ असतात. टोलनाका हा या देशातला खरा समाजवादी. साठ लाखांची कूपे आणि सहा लाखांची हॅचबॅक, दोघींना एकच दर! त्यात ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वर्षाचा पास निघाला, तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या. एक नाका ओलांडला की एक फेरी, म्हणजे १५ रुपये. जाऊन-येऊन आठ नाक्यांचे १२०. या गाडीच्या आयुष्यातला हा एकमेव स्वस्त खर्च, हे मला तेव्हा कळायचं होतं.

खंबाटकी उतरल्यावर रस्ता मोकळा मिळाला. आता असं इंजिन पायाखाली असताना ८० नं कोण चालवणार? पण इथेच पेट्रोलची गंमत आहे. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ८० चा वेग १२० केला तर वेग दीडपट होतो, पण हवेचा धक्का सव्वादोन पट! चौपदरी महामार्गावर मोटारीला १०० ची मर्यादा आहे ती जिवासाठी, पण खिशालाही तीच मानवते. कूपेचा आकार हवा कापणारा असतो, त्यामुळे एका संथ चालीनं नेली तर ती चक्क गुणी मुलीसारखी वागते. डॅशबोर्डनं साताऱ्यापुढे साडेबारा दाखवले. मी खूश. पुण्यात हीच गाडी सातच्या वर जात नाही. सिग्नलला उभं राहून दीड टनाचं धूड पुन्हा पुन्हा शून्यापासून हलवायचं म्हणजे पेट्रोल जाणारच.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीवरून हुपरीकडे वळलो आणि खरी परीक्षा सुरू झाली. ऊसतोडणीचा सीझन. पुढे ट्रॅक्टर, त्याच्यामागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर मावत नाही एवढा ऊस आणि स्पीकरवर गाणी. ओव्हरटेक करायला अडीचशे घोडे कुणाला लागतात हो, रस्ता लागतो! मुकाट्यानं पंचवीसच्या वेगानं मागे चालत राहिलो. गावाच्या वेशीजवळच्या स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट खर्रकन घासलं. तो आवाज ज्यानं ऐकलाय त्यालाच माहीत. गाडीचं घासतं आणि आतडं आपलं पिळवटतं.

त्या ट्रॉलीमागे चालता चालता एक गोष्ट डोक्यात आली. समोरचा ऊस आणि माझ्या टाकीतलं पेट्रोल आता नात्यातले आहेत. आपल्याकडच्या साखर कारखान्यांतून इथेनॉल निघतं आणि २०२५ पासून देशभरातल्या पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत मिसळलं जातंय. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो, टर्बो इंजिनाला ते आवडतं. पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात याचा अंदाज स्पष्ट दिलाय. ज्या गाड्या बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवल्या, त्यांचं अ‍ॅव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के घटू शकतं. १० टक्क्यांसाठी बनवून २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांचं १ ते २ टक्के. म्हणजे जुनी गाडी घेणाऱ्यानं आधी मॅन्युअल उघडून ती किती इथेनॉलपर्यंतची आहे ते बघावं. आमच्या शेतकऱ्याला पैसे मिळतात, देशाची तेलाची आयात कमी होते, आणि त्याची छोटीशी पावती आपल्या टाकीत फाटते. चालायचंच.

घरी पोचलो तर गल्ली गोळा झालेली. पोरं गाडीभोवती, म्हातारी माणसं कट्ट्यावर. आणि मग तो प्रश्न आला, जो कोल्हापूर जिल्ह्यात विमान उतरलं तरी पायलटला विचारतील.

"किती देतीया?"

"हायवेला बारा, काका."

"बाराऽऽ?" सगळी गल्ली हळहळली. जणू गाडीला काहीतरी दुर्धर आजार झालाय.

आप्पा मात्र काही बोलले नाहीत. एक चक्कर मारली, बॉनेटवर बोटं फिरवली, पोलिश बघितल्यासारखी. चाळीस वर्षं पैंजणं पारखलेली बोटं ती. रात्री जेवणं झाली. आईनं ताटं उचलली. आणि आप्पा म्हणाले, "हं, आता सांग."

मी तयारीत होतो. पुण्यात एक्सेल शीटच करून आणली होती. पेट्रोलचा लिटरला १०५ रुपये दर धरला होता. माझी आताची हॅचबॅक सोळा देते, म्हणजे किलोमीटरला साडेसहा रुपये. कूपे शहर-हायवे मिळून नऊ देईल, म्हणजे पावणेबारा. फरक पाच रुपयांचा. वर्षाला ६,००० किलोमीटर चालवली तर ३०,००० जादा. "महिन्याला अडीच हजार फक्त, आप्पा. पोरं पिझ्झावर घालवतात एवढे!"

आप्पा ऐकत होते. मग म्हणाले, "ते अ‍ॅव्हरेज राहू दे. घट सांग."

हुपरीत न वाढलेल्या वाचकांसाठी थोडं थांबतो. चांदीच्या धंद्यात तीन आकडे महत्त्वाचे. वजन, मजुरी आणि घट. चांदी मुशीत आटवली की थोडी जाते. तार ओढली, घासली, पोलिश केली की आणखी थोडी जाते. ही जी वाटेत नाहीशी होते ती घट. नवखा कारागीर मजुरीवर भांडतो, मुरलेला माणूस आधी घट ठरवतो. कारण मजुरी समोर दिसते. घट दिसत नाही, ती रात्री झोपेत पैसे नेते.

"गाडीत कसली आलीय घट?" मी विचारलं.

"नवी साठला घेतली न्हवं त्यानं? तुला अठ्ठावीसला देतोय. बत्तीस लाख कुठं गेले? मुशीत की धुराड्यात?"

मी गप्प. कारण उत्तर मला माहीत होतं, मी ते शीटमध्ये घातलंच नव्हतं. गाडीच्या विम्यात आयडीव्ही नावाची एक रकम असते. गाडी चोरीला गेली किंवा पार चेपली तर विमा कंपनी जास्तीत जास्त जेवढे पैसे देईल ती ही रकम. तिची उतरंड छापील असते. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के वजा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४०, आणि पाच वर्षं होईपर्यंत ५० टक्के. त्यानंतर काय धरायचं ते तुम्ही आणि विमा कंपनीनं आपसांत ठरवायचं. म्हणजे गाडीची घट ही कुणाची शंका नाही, दरवर्षी पॉलिसीच्या पहिल्या पानावर छापून येते. आपण ते पान उलटून प्रीमियमचा आकडा बघतो.

बरं, ही झाली गाडीच्या किमतीतली घट. नव्या गाडीवर महाराष्ट्रात जो एकरकमी रोड टॅक्स भरावा लागतो तो २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के आहे. ६० लाखांवर ७ लाख ८० हजार! हा पैसा शोरूमच्या फाटकातून बाहेर पडतानाच मागे राहतो. आप्पांच्या भाषेत ही मजुरी. पैंजण मोडीत घातले की चांदीचे पैसे येतात, मजुरी आणि वर भरलेला ३ टक्के जीएसटी परत येत नाही. पण पैंजणात निदान चांदी तरी उरते. गाडी मोडीत घातली तर काय येतं?

"म्हणून तर सेकंडहँड घेतोय," मी म्हणालो. "टॅक्स त्यानं भरला, मोठी घट त्यानं सोसली. मला आयती मिळतेय."

हा मुद्दा खोटा नाही, आणि आप्पांनी तो मान्यही केला. "शहाणा आहेस. पण घट थांबली काय? आणि दुरुस्तीला भाव कुठला लागणार, साठचा की अठ्ठावीसचा?"

इथे मी हरलो, मंडळी. हाच तो मुद्दा आहे जो जुनी लक्झरी गाडी घेणारा प्रत्येक तरुण विसरतो. गाडीची किंमत निम्म्यावर येते, तिच्या हेडलाइटची येत नाही. ब्रेकच्या डिस्क, सस्पेन्शन, गिअरबॉक्सचं ऑइल, सगळ्यांचे भाव साठ लाखांच्या गाडीचेच राहतात. आपण स्वस्तात घेतो ती फक्त गाडी. तिला पोसायला लागतं ते नव्या गाडीच्या मालकाचं उत्पन्न.

मित्रानं दिलेली बिलांची फाइल मी गाडीतून आणली. आप्पांनी वहीतला एक पाठकोरा कागद घेतला, चष्मा पुसला आणि लिहायला बसले. तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे. वर्षाचा हिशेब, ६,००० किलोमीटरचा:

पेट्रोल, ६६७ लिटर: ७०,०००
विमा: ७५,०००
सर्व्हिस आणि किरकोळ दुरुस्ती: ६०,०००
टायर (सव्वा लाखाच्या आतबाहेरचा सेट, ३०,००० किलोमीटर चालणार): २४,०००
१५ लाखांच्या लोनचं व्याज, ११ टक्क्यांनी, पाच वर्षांची सरासरी: ९१,०००
घट (आज २८, चार वर्षांनी फार तर १६): ३,००,०००

एकूण ६ लाख २० हजार रुपये.

"आता भाग दे सहा हजारनं," आप्पा म्हणाले.

मी मोबाइल काढला. १०३ रुपये. किलोमीटरला एकशे तीन!

दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग माझ्याच लक्षात आलं आणि हसू की रडू ते कळेना. पेट्रोलचा दर आम्ही १०५ धरला होता. म्हणजे ही गाडी एक किलोमीटर चालवायला मला एका लिटरचे पैसे लागणार. गल्लीला मी बारा सांगितलं होतं, एक्सेलला नऊ सांगितलं होतं. तिचं खरं अ‍ॅव्हरेज होतं लिटरला एक!

त्या कागदाकडे जरा नीट बघा. सहा लाख वीस हजारांत पेट्रोल ७०,०००. रुपयातले अकरा पैसे. घट रुपयातले अठ्ठेचाळीस पैसे. समजा एखाद्या जादूगारानं गाडीचं अ‍ॅव्हरेज दुप्पट करून दिलं, नऊचं अठरा. वाचतील किती? ३५,०००. किलोमीटरचा खर्च १०३ वरून साडेसत्त्याण्णववर येईल. एवढंच! आणि आपण सगळे भांडतो ते या अकरा पैशांवर. एसी बंद करतो, न्यूट्रलला टाकतो (ते करू नका, धोक्याचं आहे आणि आताच्या इंजिनात त्यानं वाचतही नाही), दहा पैसे स्वस्त पंप शोधत फिरतो.

मी शेवटचा डाव टाकला. "जास्त चालवली तर स्वस्त पडेल, आप्पा. वर्षाला बारा हजार चालवली तर किलोमीटरला साठच रुपये."

"व्हय. आणि वर्षाचे सात लाखांवर जातील. डबल जेवायचं आणि म्हणायचं घास स्वस्त पडला!"

आई आतून खुदकन हसली. ती सगळं ऐकत होती.

माझ्या बिचाऱ्या हॅचबॅकचाही हिशेब लगेच करून टाकला. नवी आठ लाखांची, चार वर्षांत साडेचारवर आलेली, वर्षाला १०,००० किलोमीटर. पेट्रोल ६५,६००, विमा १५,०००, सर्व्हिस १०,०००, टायर ५,०००, घट ८७,५००. किलोमीटरला १८ रुपये. तिथेही घट पेट्रोलपेक्षा मोठी निघाली! पण तिची घट माझ्या पगारात मावते.

आता तुम्ही म्हणाल, बापानं पोराचं स्वप्न आकडे टाकून मारलं. मलाही रात्री तसंच वाटत होतं. गच्चीवर जाऊन बसलो. थोड्या वेळानं आप्पा वर आले. आणि मग ते जे बोलले ते कागदावर नव्हतं.

त्यांनी विचारलं, "कारखान्यातली बादली आठवते?"

आठवत होती. लहानपणी त्या बादलीला हात लावला की धपाटा मिळायचा. काम संपलं की सगळ्यांनी त्यातच हात धुवायचे, पाणी फेकायचं नाही. जमीन झाडली की केर टाकायचा नाही. हात पुसायची फडकीसुद्धा साठवून ठेवायची. मग वर्षाकाठी झारेकऱ्याकडून तो केर, तो गाळ धुऊन घ्यायचा, फडकी जाळून राख आटवायची. त्यातून थोडी चांदी निघायची. कधी मूठभर, कधी त्याहून कमी.

"ती मी कधी विकली न्हाई," आप्पा म्हणाले. "घटीतनं परत आणलेली चांदी. चाळीस वर्षांची. तुमच्या वाटणीत तीच जास्त आहे."

मी काय बोलणार? माझ्या डाउन पेमेंटचा प्रत्येक ग्रॅम कुणीतरी जमिनीवरून झाडून, धुऊन, राखेतून उचलून आणला होता. आणि मी तो अशा वस्तूत घालणार होतो जी उभ्या उभ्या दिवसाला आठशे रुपये झडते. तीन लाख भागिले ३६५, मी गच्चीवरच करून बघितलं. ८२२.

"चांदी तरी कुठे कायम वर राहते," मी उगाच म्हणालो.

"न्हाई राहत. २०११ ला चढली आणि कशी आपटली ते मी बघितलंय. भाव पडंल. पण वजन तेवढंच राहील." मग जरा थांबून म्हणाले, "मी घेऊ नको म्हणत न्हाई. चांदी तुझी हाय. हौसेला मोल नसतं. पण हौस असंल तर हौसेच्या खात्यावर लिही. स्वस्तात मिळतीया, कामाला येईल, असलं लिहू नको. वहीत खोटं लिहिलं की धंदा बसतो."

आणि मग त्यांनी कोल्हापूरचं उदाहरण दिलं. छत्रपती घराण्याची ती जुनी मेबॅक मोटार, १९३० च्या दशकातली. दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या सोहळ्यासाठी ती दसरा चौकात येते तेव्हा अख्खं कोल्हापूर तिला बघायला लोटतं. "तिला कुणी विचारतं काय, किती देतीस म्हणून? ती मिरवायला हाय आणि मिरवायलाच हाय असं सांगून येते. तुझी गाडी ऑफिसला जाणार आणि मेबॅकसारखा खर्च करणार. असलं दोन्हीकडचं परवडत न्हाई."

रविवारी सकाळी निघायच्या आधी आप्पा चपला घालून दारात उभे. "चल, जरा पट्टणकोडोलीपर्यंत जाऊन येऊ."

सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला कूपेत बसवणं हा एक सोहळाच असतो. आधी पाठ टेकवायची, मग एक पाय, मग दुसरा, मग "हां, बसलो." सीटवर बसले तेव्हा त्यांचं डोकं शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्याच्या गुडघ्याला आलं. गावाबाहेर पडलो. उसाच्या फडांमधून सरळ, रिकामा रस्ता. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "दाब की. बघूया."

दाबला. टर्बोनं एक श्वास घेतला आणि गाडी सुटली. पाच-सहा सेकंदच. मग पाय काढला, कारण पुढे बैलगाडी होती. मला वाटलं घाबरले असतील. बघतो तर आप्पा हसत होते. तोंड भरून, लहान पोरासारखं. माझ्या आठवणीत त्यांचं असं हसू एकदाच आहे, ताईच्या लग्नात.

"एवढ्याचे किती झाले?" त्यांनी विचारलं.

"किलोमीटर झालं नसेल. शंभरेक रुपये."

"मग फेड झाली," ते म्हणाले.

रात्री पुण्यात त्याच पंपावर टाकी फुल केली. ५४० किलोमीटर, ४७ लिटर. साडेअकराचं अ‍ॅव्हरेज, ४,९३५ रुपये. डॅशबोर्ड अजून साडेबारावरच होता. सांगितलं ना, पोरांचे मार्क!

किल्ली परत केली. मित्र जरा नाराज झाला, मग तीन आठवड्यांत गाडी दुसऱ्या कुणाला तरी विकून कॅनडाला गेला. चांदी हुपरीच्या कपाटात आहे. हॅचबॅकमध्ये मी हौसेचं एक खातं उघडलंय, म्हणजे डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवलीय. कूपे आणि हॅचबॅकच्या वर्षाच्या खर्चातला जो फरक आहे, त्याचा छोटासा भाग दर महिन्याला बाजूला पडतो. त्यातून वर्षातून एक-दोनदा, दोन दिवसांसाठी, तशी गाडी भाड्यानं घ्यायची असा बेत आहे. घट मालकाची, हौस आपली.

तुम्हीही एखाद्या गाडीवर जीव टाकून बसला असाल तर टाका, बिनधास्त टाका. फक्त एका संध्याकाळी पाठकोरा कागद घ्या. आज किती देणार आणि चार वर्षांनी किती येणार, यातल्या फरकाला चारनं भागा. त्यात विमा, सर्व्हिस, टायर आणि व्याज मिळवा. पेट्रोल सगळ्यात शेवटी लिहा, तेवढीच त्याची लायकी आहे. मग खरोखर किती चालवणार त्या किलोमीटरनी भागा. लाँग वीकएंडच्या स्वप्नातले किलोमीटर धरू नका, आताच्या गाडीच्या मीटरवर जे दिसतात ते धरा. जो आकडा येईल तो बघूनही ओठांवर हसू राहिलं तर गाडी तुमची. उद्याच आणा आणि पेढे पाठवा.

लॅपटॉपवरचा वॉलपेपर? आहे, तोच आहे. मागच्या आठवड्यात आप्पांचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, "दसऱ्याला येणार न्हवं? येताना ती गाडी घेऊन ये."

"आप्पा, ती विकली त्यानं. तुम्हीच नको म्हणालात ना!"

"मी घेऊ नको म्हणालो काय?" पलीकडून चिडका आवाज आला. "आणि समजा म्हणालो. विकत घेऊ नको म्हणालो. आणू नको कुठं म्हणालो?"